जत्रेतली घंटा
शिवणयंत्रात तेल सोडलं, की त्या वासासरशी मी पारोळ्याच्या जत्रेत जाऊन पोचते. खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी उडवायचा नवा खेळ आला होता, त्यात गोळी आपटली की वाजणारी पितळी घंटाही होती; गोळी ज्या खणात पडेल, तसं बक्षीस. पण पहिल्याच दिवशी गोळी उडवायच्या दांड्याची स्प्रिंग तुटली. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी दुसरी स्प्रिंग बसवली, तेल सोडलं आणि दांडा सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी ओढून सोडला. घंटा वाजली तशी त्यांनी डोळे मिटून हात जोडले, मागच्या गर्दीनंही जोडले.

"अक्का, गोळी कोठे पडनी?" खेळवाल्यानं विचारलं.

"मी कशी देखू? डोया मिटेल व्हतात."

त्याचेही हात जोडलेलेच होते. हसत त्यानं बक्षिसाचा आरसा देऊन टाकला.

आता देवळात घंटा वाजली, की सगळे डोळे मिटतात. मी मात्र गोळी शोधते.