आमच्या वाचनालयात रजिस्टर नाही

“रजिस्टर दाखवा, नाही तर तीनही कपाटं रद्दीत!” बोंडे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले.

“आपटा,” मी म्हटलं. “टेबल सागवानी आहे, हातच दुखेल.”

प्रताप नगरातल्या आमच्या कॉलनीच्या समाजभवनात, वाचनालयाच्याच खोलीत मीटिंग भरली होती. बोंडे साहेब कॉलनीचे अध्यक्ष, सरकारी खात्यातून रिटायर. ही खोली त्यांना टीव्ही आणि सोफ्यासाठी पाहिजे होती. कादंबऱ्यांचं चौथं कपाट तेवढं कोपऱ्यात ठेवायला ते तयार होते. “पण हे कायदे, हे सरकारी अहवाल, हे विज्ञान... इथं येतात साऱ्या बायका. कोण वाचते हे?”

वाचनालय मी चालवते. सातवी नापास आहे आणि सांगायला लाजत नाही. पुढचं सगळं याच कपाटांनी शिकवलं. रजिस्टर मी कधी ठेवलं नाही. माझा नियम एकच. पुस्तक परत करताना एक गोष्ट सांगायची. पुस्तकातली नाही! पुस्तक घरात होतं तेव्हा घरात काय झालं, ती. म्हणून आमच्याकडे पुस्तकं बाहेर जातात आणि किस्से आत साचत राहतात. धूळ झटकता तरी येते, किस्से कुठं झटकाल?

म्हटलं, रजिस्टर पाहिजे ना साहेब? मग ऐका तोंडी!

*

पुष्पा पाच घरच्या पोळ्या करते, बेसा भागात भाड्यानं राहते. घरमालक म्हणाला, आठ दिवसांत खोली खाली कर. पुष्पानं भाडेकरूंच्या कायद्याचं उशीएवढं जाड पुस्तक पदराखाली धरून नेलं. मालक पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला बसवलं, चहा दिला, आणि कप ठेवला बरोबर त्या पुस्तकाशेजारी.

“हे काय आहे?”

“काही नाही जी. वाचून राहिली.”

मालकानं चहा अर्धाच प्यायला. उठता उठता म्हणाला, “राहा बाई, दिवाळीपर्यंत राहा.”

मी पुष्पाला विचारलं, “किती वाचून झालं वं?”

“अनुक्रमणिका झाली, काकू. बाकीचं दिवाळीनंतर!”

*

वच्छलाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं गाव धरणात बुडालं. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावांची माहिती देणारं एक जुनं सरकारी पुस्तक आहे, त्यात त्या गावावर चार ओळी आहेत. फक्त चार! त्या चार ओळींसाठी वच्छलाबाई दर महिन्याला तेवढं ओझं घरी नेतात.

एकदा परत करताना चांगल्याच तापलेल्या होत्या. “तीन विहिरी लिहिल्या यानं! चौथी आमच्या गोठ्यामागं होती. सरकारले दिसली नाही काय?”

पान उघडून पाहते तर पेन्सिलीनं तीन खोडून चार केलेलं.

पुस्तकात रेघ मारणाऱ्याला मी दारातून हाकलते, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. त्या दिवशी मी ड्रॉवरमधून पेन काढला आणि तो चार पक्का केला.

*

संगीता बुटीबोरीच्या कापड कारखान्यात जाते. तिच्या घरचं लोखंडी कपाट खिडकी अडवून उभं. नवरा तीन वर्षांपासून म्हणत होता, “चार माणसं बोलावू, मग हलवू.” संगीतानं आमच्याकडून विज्ञानाचं पुस्तक नेलं, त्यात तरफेचा धडा होता. रविवारी नवरा बाहेर गेला. हिनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेतली, खाली विटेचा टेकू लावला, आणि कपाट एकटीनं बोटबोट सरकवत भिंतीला नेलं.

नवरा आला. घरात उजेड! “कोणाले बोलावलं होतं?”

“कोणाले नाही. पुस्तकात वाचलं.”

“अवं, तीन वर्षं हललं नाही ते आज कसं हललं?”

“आज तुम्ही घरी नव्हते ना!”

*

आता माझी चूक. मी लपवत नाही. फाटलेल्या पुस्तकांची बाइंडिंग मी स्वतः करते, घरच्या खळीनं. एकदा दोन पुस्तकं शेजारी वाळत होती आणि पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कायद्याच्या पुठ्ठ्यात प्रेमाची कादंबरी! नेमकं तेच आमच्या कॉलनीतले वकीलसाहेब घाईघाईत घेऊन गेले. कोर्टात न्यायचं होतं म्हणे.

पंधरा दिवसांनी आले. मी माफी मागायची तयारी करून बसले होते, आणि मी माफी मागणं म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं नाही. वकीलसाहेबांनी दार लोटून घेतलं, खाली वाकले.

“काकू, याचा दुसरा भाग आहे काय?”

आणि प्रेमाच्या पुठ्ठ्यातला कायदा? तो एका नव्या नवरीनं नेला. अजून परत आला नाही!

*

मीटिंगमध्ये हशा पिकला, पण बोंडे साहेब बधले नाहीत. “किस्से म्हणजे पुरावा नाही!”

त्यांनी खिशातून एक कागद काढला. आठवडाभर नोटीस बोर्डावर लागलेला, बिनसहीचा अर्ज. कॉलनीच्या नियमावलीतल्या कोणत्या कलमानुसार अध्यक्षाला सामायिक वस्तू एकट्यानं विकता येत नाही, त्याआधी सभा का घ्यावी लागते, हे अकरा ओळींत. एक शब्द जास्त नाही. साऱ्या कॉलनीनं तो वाचला, म्हणून तर ही मीटिंग घ्यावी लागली होती.

“कलम, पोटकलम, मुदत! हे वकिलाकडून लिहून आणलं आहे. इथल्या एका तरी बाईला येते काय असं लिहिता? नाव सांगा, कपाटं आत्ताच्या आत्ता सोडतो!”

नाव मला खरंच माहीत नव्हतं, आणि या खोलीत मला माहीत नाही असं फार थोडं आहे.

मागच्या रांगेतून कुंदाताई उठल्या. बोंडे साहेबांच्या मिसेस. दर गुरुवारी येतात, कुठल्याशा कपाटापाशी उभ्यानंच वाचतात आणि स्वयंपाकाच्या वेळेला निघून जातात. पुस्तक कधी घरी नेत नाहीत, म्हणून गोष्टही कधी सांगावी लागली नाही.

त्यांनी पदर सारखा केला. आवाज अगदी घरातला.

“अहो, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तुम्ही मले विचारलं होतं ना, ‘काय लिहून राहिली वं?’ म्हणून, तर तेव्हा हेच लिहून राहिली होती.”