तंबूवरची निळी ताडपत्री

“हे सॉक्स पिळून दाखवू का तुम्हाला?” सुलभाताई म्हणाल्या, आणि खरंच पिळले. सकाळीसकाळी माझं डोकं फिरलं.

कशेळ्याच्या पुढे आमचा कॅम्प आहे, मी तिथला मॅनेजर. ताई आपल्या रिटायर्ड मैत्रिणींना घेऊन दोन रात्रींसाठी आल्या होत्या. आमचे शेठ, म्हणजे जमिनीचे मालक, यांनी आधीच दम भरला होता, “संदेश, या टायमाला कोन भिजला तर तंबू इकून टाकीन. सिमेंटच्या खोल्या बांधीन.” खोल्या झाल्यावर मला कोण ठेवतंय! मला तंबूशिवाय काही येत नाही.

संध्याकाळी सगळं नीट लावून मी नेरळला घरी गेलो होतो. सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक तंबूवर निळी ताडपत्री. पार जमिनीपर्यंत ओढलेली, कडेने दगड. मी कपाळावर हात मारला.

तंबूचं आतलं कापड जाळीचं असतं. पाऊस अडवायला त्याच्यावर दुसरं कापड ताणतात, ते रेनफ्लाय. दोन्हींच्या मधून वारा खेळला पाहिजे, रेनफ्लायच्या खिडक्या उघड्या पाहिजेत. वारा कोंडला की झोपलेल्यांच्या श्वासाचीच वाफ थंड होऊन अंगावर ठिबकते. झालं होतं तेच.

“शेठ, हे काय केलंत?”

“अरे, आगोटीला, पावसाच्या तोंडावर, आमी घराला आशीच बांधतो. कधी थेंब आला नाय.”

“घराला कौलं आहेत. फटीफटीतून वारा येतो.”

“ताडपत्रीतून पानी आत येतं का, ते सांग.”

“येत नाही. पण आतलं बाहेरही जात नाही!”

“म्हंजे येत नाय ना!”

तिकडे ताई बॅगा भरत होत्या. “निदान जेवून तरी जा,” म्हणून मी हात जोडले. त्या जेवेपर्यंत सगळ्या ताडपत्र्या काढल्या, तंबू पुसले, दोऱ्या ताणल्या, खिडक्या उघडल्या, कोरड्या चादरी घातल्या. एक तंबू मात्र तसाच ठेवला.

“शेठ, आज दुपारची झोप यात काढा. तुमच्या ताडपत्रीखाली.”

“काडतो की! मला काय भ्या हाय?”

पाऊस धो धो चालू होता. बायका पलीकडच्या तंबूंत लवंडल्या. शेठ मटण-भाकरी खाऊन घोरायला लागले. उठले ते ओरडतच, “संदेश! गळतंय रं!” टकलावरून पाणी ओघळत होतं.

“कुठून गळतंय, शेठ?”

त्यांनी ताडपत्री वरून चाचपली. भोक नव्हतं. मग ताईंच्या तंबूत हात घालून चादर चाचपली. कोरडी ठणठणीत.

“आम्ही राहतोय हो आज,” ताई आतूनच म्हणाल्या.

खोल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या रविवारी शेठ नव्या पाहुण्यांना सांगत होते, “तंबूला श्वास घिऊ द्यावा लागतो. आमच्या मॅनेजरला मीच शिकवलं.”

मी दोऱ्या ताणत राहिलो. मालकाला समजावत बसू नये. पोटभर जेवू घालावं आणि त्याच्याच ताडपत्रीखाली झोपवावं.