तांदूळ पुढे, चित्रं मागे

वकीलसाहेब पुण्याचे, पण हॅम्बर्गात मुरलेले. कायदा सांगताना आधी जर्मनमधलं "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणायचे. कोरोनात अंतर पाळायचं म्हणून आमच्या दुकानाबाहेर पावसात उभे राहूनच बोलायचे.

दुकान तिथंच हॅम्बर्गात, लेकीचं, आमच्या वारली चित्रांचं. सरकारनं बंद केलेलं. अजून महिनाभर तसंच राहतं तर कायमचं गेलं असतं.

"आल्झो, आजी, खायच्या वस्तूंचं दुकान चालतं."

"आम्ही चित्रं विकतो, साहेब."

"रंग कशाचा?"

"तांदळाच्या पिठाचा."

"मग तांदूळच विका. चित्रं मागे ठेवा."

तांदळानं दुकान तगलं. कोरोना गेला तसे साहेब पहिल्यांदा आत आले. "आल्झो, आता चित्रं पुढे आणा. कायद्याची हरकत नाही."

"कायद्याची नाही हो, गिऱ्हाइकाची आहे."

साहेबांनी एकेक चित्र निरखून बघितलं, छान म्हणाले, नि दोन किलो तांदूळ घेऊन गेले.