झेंडूच्या शेतातला पंचनामा

नोकरीत खुनाचे बरेच तपास केले, पण तिवसा भागातल्या त्या झेंडूच्या शेताची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांचा ठाण्यात फोन आला. एका शेतकऱ्याचा त्याच्याच शेतात खून झाला होता. "कोणी कशालाही हात लावू नका," असं बजावून मी पथक घेऊन निघालो. पोहोचलो तर शेतात जत्रा! निम्मं गाव फुलं तोडत होतं. प्रेत उचलून बाजेवर ठेवलेलं, पाऊलखुणा तुडवलेल्या. रक्ताने माखलेला विळा एका म्हाताऱ्याने पाटाच्या पाण्यात धुऊन ठेवला होता.

"काय चालवलंय हे?" मी ओरडलो.

"साहेब, उद्या दसरा हाय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "माल आज अमरावतीले नाई गेला तं सारा वाया जाईन. त्याच्या बायकोनं लेकराइले काय खाऊ घालावं?"

"आणि विळा कशाला धुतला?"

"तिले रगत दिसू नये म्हून."

आता या माणसाला काय बोलणार? श्वानपथकाचा कुत्राही टोपल्यांभोवती फिरून खाली बसला.

दुपारी खबऱ्याने शेजारच्या शेतकऱ्याचं नाव दिलं. विहिरीच्या पाण्यावरून मयताशी त्याचं वाजलं होतं. ठाण्यात आणला, तर सदऱ्यावर रक्त. वाटलं, सुटली केस.

"लाश उचलाले मी बी होतो न, साहेब," तो म्हणाला.

खरंच होता. उचलणाऱ्या सगळ्यांचेच कपडे माखले होते. उलटसुलट विचारून आम्ही थकलो, तो बधला नाही. त्याला सोडावं लागलं. तोच खुनी होता का, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. शेवटी 'गुन्हा खरा, आरोपी अज्ञात' असा अहवाल कोर्टात गेला.

गुन्हेगार पुरावे पुसतो, हे आम्ही गृहीतच धरतो. भल्या माणसांनी पुसले तर त्यांना कोणत्या कलमाखाली धरायचं? त्यांच्यातच खुनीही टोपली भरत असेल, या विचाराने मी अजून चरफडतो. पुढे प्रत्येक गावात सांगत राहिलो, आधी शेताबाहेर व्हा, मग मदत करा. ऐकतं कोण!

निवृत्तीनंतर मयताची बायको अमरावतीच्या फूलबाजारात फुलं विकताना भेटली. तिने मला लगेच ओळखलं.

"साहेब, कोर्टाचं जाऊ द्या. गावात सारेच मले जीव लावतात, सारेच बोलावतात. कोनाच्या घरचा चहा पिऊ नये, तेवढंच सांगा."

मी झेंडूचा भाव विचारला.

"म्हंजे साऱ्याइच्याच घरचा प्या लागन," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.