रेकॉर्डिंगमधली मोकळी जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी "तुम्ही मुळातच भित्र्या असाल" म्हणायला नको. मी स्पीच थेरपिस्ट आहे. जीभ कुठे टेकते, हवा कुठून सुटते, हे बघणं माझं काम. आवाज म्हणजे स्नायू आणि सवय, बाकी काही नाही... निदान तेव्हा तरी मला असंच वाटायचं.

मी वाशीमला राहते आणि आजूबाजूच्या गावांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना मोबाईलवर व्हिडिओ कॉलने शिकवते. इंझोरीची कोमल त्यातलीच, दुसरीतली. तिला क म्हणता येत नव्हता, त्याचा त व्हायचा. आता नावच कोमल, तर पोरीने करायचं काय? कोणी नाव विचारलं की "तोमल", आणि सगळा वर्ग हसायचा. शेवटी तिने शाळेत बोलणंच सोडलं. "घरी बोलते मॅडम, शाळेत मुकी होते," असं तिची आई, सुनीताताई, दर वेळी सांगायच्या.

गावात रेंज सारखी जायची. म्हणून मी सरावाचं रेकॉर्डिंग आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. पद्धत सोपी: मी शब्द म्हणायचा, मग थोडी मोकळी जागा सोडायची, त्यात मुलाने तो म्हणायचा. "काकडी..." मोकळी जागा. "मला कप दे..." मोकळी जागा. दुपारी दार लावून, पंखा बंद करून, एकटीच रेकॉर्ड करायचे. माझ्या घरात लहान मूल नाही, हे लक्षात ठेवा.

एके दिवशी सुनीताताई म्हणाल्या, "मॅडम, तुमची पोरगी लय साजरं बोलते वो."

"माझी पोरगी?"

"तेच ना, रेकॉर्डिंगमंदी तुमच्या मांगून बोलते ती. आपल्याकडचीच वाटते. तुमी मन्ता 'मला कप दे', ती मन्ते 'मले कप दे'. तिचं आयकूनच आमची कोमल शिकून राह्यली."

मी हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून फाईल ऐकली. मोकळ्या जागा मोकळ्याच होत्या. कोमलच्या शेजारची एखादी मुलगी तिच्याजवळ येऊन बसत असेल, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

पुढच्या सेशनला कोमल "काकडी" म्हणाली. अगदी स्वच्छ! सुनीताताईंना रडू आवरेना, मी टाळ्या वाजवल्या. पण पोरगी हसली नाही. फ्रॉकची कड मुठीत आवळून बसली होती. आणि मला काहीतरी खटकलं... क म्हणताना जिभेचं टोक खाली राहावं लागतं. म्हणून म्हटलं, "कोमल, तोंड मोठं उघडून नाव सांग बरं."

तिच्या जिभेचं टोक वर गेलं आणि दातांमागे टेकलं. ही त ची जागा. तिथून क निघूच शकत नाही.

ऐकू आलं — "कोमल."

नेटमुळे चित्र आणि आवाज मागेपुढे होतात, मला ठाऊक आहे. म्हणून मी म्हटलं, "आता ओठ मिटून घे. नुसतं ऐक." तिने ओठ घट्ट मिटले. मी "कोमल" म्हणाले आणि सवयीने मोकळी जागा सोडली.

"कोमल," उत्तर आलं. किंचित घोगरं. आणि पाठोपाठ, "मले शिकव ना."

ओठ मिटलेलेच होते.

कोमलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग तिने तोंड उघडलं आणि तिच्या खऱ्या, बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, मी नाई बोल्ली."

कोमलच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सुनीताताईंना तिचे मिटलेले ओठ दिसलेच नव्हते. "रडतं काहून वो? इतलं तर साजरं बोलली!"

मी त्यांना सगळी रेकॉर्डिंग डिलीट करायला सांगितली. त्या चिडल्याच. "कायले? आता कुठं जमून राह्यलं!" मी खोटं बोलले की रेकॉर्डिंगमध्ये माझीच चूक झाली आहे. माझ्याकडच्याही सगळ्या फाईली पुसल्या.

पुढच्या वेळी जीव मुठीत धरून कोमलला नाव विचारलं.

"तोमल."

चुकीचा उच्चार ऐकून आनंदाने रडणारी माझ्यासारखी थेरपिस्ट दुसरी नसेल! आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली, फक्त समोरासमोर, एकही रेकॉर्डिंग न पाठवता. हळूहळू तिचा क आला, तिचा स्वतःचा. आता शाळेत नाव सांगते, भांडतेसुद्धा. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

परवा सुनीताताईंचा फोन आला. "मॅडम, रागावू नका. डिलीट कराच्या आंदी म्या ते बहिनीले धाडलं होतं, किन्हीराजाले. तिची मोठी पोरगी बोबडं बोलते मनून. आज बहीन लय घाबरून गेली. मने, पाळन्यातलं बाळ बोललं."

"केवढं आहे बाळ?"

"पाच महिन्याचं."

त्या गप्प झाल्या. ती शांतता मला सोसवेना. घाईघाईने विचारलं, "काय बोललं?"

"मले शिकव."

जीभ, टाळू, हवा — सगळं शिकलेलं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, काही हाती लागलं नाही. उद्या किन्हीराजाला जाते आहे. जाऊन काय करणार, तेही माहीत नाही. एवढंच कळतं की हल्ली फोनवर समोरचं माणूस जरा थांबलं, की मी काहीतरी बोलत राहते. मोकळी जागा सोडायची हिंमत होत नाही.