तीन पेडांचा पांढरा दोर

ते प्रकरण आठवले की आजही माझी बोटे आपोआप हलू लागतात, दोर चाचपून पाहत असल्यासारखी. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, खुनाचे आणि दरोड्याचे कितीतरी तपास विसरलो, पण त्या पाच दिवसांतला एकही तास विसरलेलो नाही.

राज्य पुनर्रचनेनंतरची ती पहिलीच वर्षे. नागपूरचे सचिवालय फुटले आणि आमच्यासारखे शेकडो मराठी नोकरदार पेट्या-बिछाने बांधून भोपाळला आले. मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. अंगावरचा गणवेश नवा, हिंदी अर्धीकच्ची आणि हुशारीची घमेंड पुरेपूर. शहराबाहेर एक मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्यालगतच्या नव्या वसाहतीसाठी एक छोटे ठाणे उघडले होते. दोन खोल्या, एक कोठडी, अंगणात कडुलिंबाचे झाड. रोजनामच्यात लिहायचे काय, तर सायकलची चोरी नाहीतर नळावरचे भांडण.

अशात दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी ठाण्याच्या दारात एक निनावी चिठ्ठी पडलेली मिळाली. हिंदीत दोनच ओळी होत्या. रविवारी कड्यावरून इंजिनियर पडला तो अपघात नव्हे, दोर कापला होता. विलायतेला पाठवायच्या यादीत त्याचे आणि दोर धरणाऱ्याचे अशी दोन नावे आहेत आणि जागा एकच आहे.

खरे सांगतो, ती चिठ्ठी वाचून मला आनंद झाला. कोणीतरी पडले आहे याचे दुःख नंतर सुचले. आधी वाटले, चला, एकदाची खरी केस मिळाली.

नावे मी कोणाची देणार नाही. दोघेही तरुण इंजिनियर, एक वऱ्हाडातला, दुसरा कोकणातला. त्यांना वऱ्हाडी आणि कोकणी एवढेच म्हणेन. कारखान्यात आलेल्या एका विलायती तज्ज्ञाने त्यांना कडे चढायचा नाद लावला होता, आणि मायदेशी जाताना आपला दोरही देऊन गेला होता. दर रविवारी ही जोडी टेकडीमागच्या लाल कड्यावर जाई. त्या रविवारी वऱ्हाडी वर चढत होता, कोकणी खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळत होता. वऱ्हाडीचा पाय सुटला, दोराला हिसका बसला आणि दोर तुटला. मांडीचे हाड मोडले, डोक्याला मार लागला. तो इस्पितळात होता आणि डॉक्टर जबाब घेऊ देत नव्हते.

मी पंचांना घेऊन कड्यावर गेलो, पंचनामा केला. तुटलेल्या दोराचे दोन्ही भाग जप्त केले. नायलॉनचा, पांढरा, करंगळीहून थोडा जाड, तीन पेडांचा. तुटलेले टोक पाहून आमचे हवालदार म्हणाले, "साब, ये तो साफ है." दोन पेडांची टोके सरळ, एकसारखी होती, तिसऱ्याचीच तेवढी तंतू-तंतू होऊन चिंधी झाली होती. म्हणजे कोणीतरी दोन पेड कापून ठेवले आणि तिसरा वजनाने तुटला. दोराला चिकटलेला लाल धाग्याचा एक तुकडा होता, तोही यादीत लिहिला आणि विसरून गेलो.

मग वऱ्हाडीची आई ठाण्यात आली. वडील सचिवालयात कारकून, नागपूरहून आमच्याच बरोबर आलेले. बाई माझ्या मुलखातल्या, आणि त्यांची भाषा ऐकूनच मी निम्मा त्यांच्या बाजूचा झालो.

"तुम्ही काय करून राहिले साहेब?" त्या म्हणाल्या. "तो पोरगा मोकळा फिरून राहिला. माझा लेक जुना मनिलाचा दोर न्यायला निघाला होता. यानंच आठ दिवस भांडण केलं, की पांढराच न्यायचा. मनिला नेला तर मी येत नाही, म्हणे. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीनं ऐकलं ते. काऊन एवढा हट्ट? दर रविवारी माझ्या हातचं जेवला हो तो."

हेतू मिळाला, संधी मिळाली, वस्तू मिळाली. संध्याकाळी मी कोकणीला अटक केली. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले, कोर्टाकडून चार दिवसांची कोठडी घेतली. कारखान्याने त्याला कामावरून दूर केले, यादीतून त्याचे नाव गेले. मी केस डायरी अशी लिहीत होतो की वरिष्ठांनी शाबासकीच द्यावी.

एकच गोष्ट मनात टोचत होती. पडलेल्या मित्राला याने पाठीवर घेऊन दोन मैल दगडधोंड्यातून रस्त्यापर्यंत आणले होते. ज्याला मारायचे त्याला कोणी एवढे वाहून आणते का? पण घाबरला असेल, असे म्हणून मी ती टोच दाबून टाकली.

चौकशीला तो समोर बसला. सडपातळ, सावळा, दोन दिवस झोप नसलेला. मी विचारले, "पांढऱ्याच दोराचा हट्ट कशाला धरलास?"

तोवर गप्प असलेला हा माणूस एकदम बोलू लागला. "साहेब, माझे वडील गलबतावर तांडेल होते. दोर मला लहानपणापासून कळतो. मनिला हा झाडाच्या तंतूंचा दोर, तो ताणला जात नाही. माणूस पडला की सगळा हिसका कमरेवर बसतो, बरगड्या मोडतात. नायलॉन ताणला जातो आणि हिसका स्वतः खातो. भिजला तरी आखडत नाही, कुजत नाही. शिवाय तो मनिला तीन पावसाळे कोठीत पडून होता. बाहेरून दोर नेहमीच चांगला दिसतो. निवडायचा तर पेड पिळून उघडायचे आणि आत बघायचं. हातभर, हातभर करत सगळा."

"मग हा उघडून पाहिलास?"

"पाहिला."

"सगळा?"

तो खाली बघू लागला. मी तीन वेळा विचारले, टेबलावर हात आपटला, पण त्याने तोंड उघडले नाही. आमच्या धंद्यात अशा गप्प बसण्याला अर्धा कबुलीजबाब समजतात. मीही तसेच समजलो.

पण तो दोराबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत जे आले होते ते खोटे वाटेना. आणि मला लाज वाटली ती वेगळीच: हा दोरावर एवढे बोलला आणि मला त्यातले काहीच तपासता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन, रजिस्टरात नोंद करून, मी मुद्देमाल बगलेत मारला आणि टांग्याने जुमेराती बाजारात गेलो. तिथे एक म्हातारे मियाँ दोरांचे दुकान चालवत. तलावातल्या होड्यांचे सगळे दोर त्यांच्याकडचे.

त्यांनी चष्मा लावला नाही. डोळे मिटून टोकावरून अंगठा फिरवला, मग दाताने चावून पाहिले.

"किसने कहा कटी है, दरोगा साब?"

"दिखता नहीं? सीधा है."

त्यांनी चाकू काढला आणि परवानगी मागून दोराचे दुसरे टोक कचकन कापले. कापलेले पेड लगेच पिसासारखे फुलले. "कटी रस्सी का मुँह खुल जाता है, हुज़ूर. इसका बंद है. हाथ लगा के देखिए, मोती जैसा सख़्त. ये पिघली है. आग से. और बाहर से नहीं, अंदर से."

मी अंगठा लावला. खरेच, टणक गोळी. तीन दिवस हा दोर माझ्या ताब्यात होता आणि मी त्याला बोट लावून पाहिले नव्हते. माझे कान गरम झाले. मियाँनी पेड आणखी उकलले. आतल्या खाचेत पिवळी पूड बसली होती. मी जिभेला लावली. हळद!

टांगेवाल्याला मी घोडा पळवायला लावला. हळद, लाल धागा आणि दसरा, सगळे एका क्षणात जुळले. कोणत्याही मराठी घरात खांडेनवमीला काय होते हे मला कोणी सांगायला नको होते. ज्या हत्यारावर पोट चालते किंवा जीव अवलंबून असतो, ते पाटावर मांडायचे.

वऱ्हाडीच्या आईने दार उघडले. मी शक्य तितक्या सहज विचारले, "काकू, या वर्षी खांडेनवमीला पाटावर काय काय मांडलं होतं?"

त्यांचा चेहरा उजळला. "पोराची मोजपट्टी, परकार, ह्यांची दौत. आणि दोर. म्हटलं, माझ्या लेकाचा जीव ह्या दोरावर, त्याची पूजा आधी. हळदीकुंकू वाहिलं, पाच उदबत्त्या लावल्या, आणि वरून लाल धागा गुंडाळून दिला. सांगितलं दोघांनाही, हा धागा सोडायचा नाही."

"उदबत्त्या कशात लावल्या?"

"खोचायला केळं नव्हतं आणलं त्या दिवशी. दोरातच खोचल्या, पेडांच्या मधात. आमच्या गावी विहिरीच्या दोराला अशाच खोचतो की. विझून जातात आपोआप."

विहिरीच्या जाड, ओल्या दोरात त्या विझतात. नायलॉन मात्र वितळतो. मी पाणी मागून प्यायलो आणि उठलो.

ठाण्यात आलो आणि कडुलिंबाच्या फांदीला उरलेल्या दोराचे दोन तुकडे बांधले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यात पाच उदबत्त्या खोचल्या. हवालदार, दोन शिपाई आणि मी, चौघे ओट्यावर बसून उदबत्त्या जळायची वाट पाहत होतो. आयुष्यात कोणत्या उदबत्तीकडे मी इतक्या श्रद्धेने पाहिले नाही. त्या जळत जळत दोराला टेकल्या, दोर बाहेरून किंचित पिवळा झाला, बस्स. धागा गुंडाळला तर काहीच दिसेना. मग वाळूचे पोते वर ओढून सोडून दिले. चांगल्या तुकड्याने हिसका खाल्ला आणि पोते झुलत राहिले. दुसऱ्याला तेच पोते बांधून सोडले. फट् असा आवाज झाला आणि पोते अंगणात फुटले. टोक हातात घेतले: दोन पेड सरळ, टणक, तिसऱ्याची चिंधी. मी वाळूत उभा राहून लहान मुलासारखा हसत होतो.

कोठडीच्या गजांतून कोकणी सगळे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"तुला ठाऊक होतं?"

"जळलं हे नव्हतं ठाऊक," तो म्हणाला. "पण सगळा दोर तपासला, धाग्याखालचा वीतभर सोडला. काकूंनी बांधलेला धागा सोडायचा कसा? तुम्ही विचारलंत तेव्हा हे सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्याकडे गेला असता. मुलगा इस्पितळात आहे त्यांचा."

तीन दिवस तो कोठडीत बसला, नोकरी आणि विलायत दोन्ही घालवून, पण त्याने ते सांगितले नाही.

साहेब म्हणाले, अपघात दाखवून प्रकरण बंद करा, दोर अज्ञात कारणाने जळाला म्हणा. मलाही ते पटले. तरी फिर्याद वऱ्हाडीच्या आईच्या नावे होती, त्यांना सांगणे भाग होते. मी बाईंना ठाण्यात बोलावले, दोन्ही तुकडे पुढे ठेवले आणि जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितले. त्यांनी जळालेल्या टोकावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"तुमचं नाव कुठे येणार नाही, काकू. अज्ञात कारण म्हणून लिहितो," मी म्हणालो.

"काऊन?" त्यांनी मान वर केली. "त्याचं नाव चार दिवस गावभर झालं. माझ्यापायी झालं. तुम्ही अज्ञात लिहिलं तर लोक म्हणतील, कापलाच असंल, पोलिसांनी मिटवलं. लिहा. उदबत्ती मी खोचली. कारखान्याच्या साहेबालाही तसंच कळवा. दोन कागद करा, दोन्हींवर सही करते."

त्यांनी दोन्ही कागदांवर सही केली. अक्षर स्वच्छ आले. मग त्या उठून कोठडीपाशी गेल्या. शिपायाने कुलूप काढले. तो बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "चल. तो शुद्धीवर आल्यापासून तुलाच विचारून राहिला." आणि त्याला घेऊन इस्पितळाच्या रस्त्याला लागल्या. त्यांच्या त्या कागदावरच कारखान्याने त्याला पुढच्या आठवड्यात कामावर घेतले. ती निनावी चिठ्ठी कोणी लिहिली ते मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले काय? एक तर, माणसाला कोठडीत घालण्याआधी वस्तू हातात घ्यावी. पुढे प्रत्येक मुद्देमाल मी बोटांनी पाहिला, आणि कोणी गप्प बसला तर तो स्वतःलाच वाचवतो आहे असे कधी धरून चाललो नाही. दुसरे सांगायला आजही जड जाते. पुढच्या सगळ्या नोकरीत मी हजारो जबाब लिहिले. मार चुकवायला बोललेले, शिक्षा कमी व्हावी म्हणून बोललेले, दुसऱ्याला अडकवायला बोललेले. सुटका समोर उघडी असताना, माझे नाव लिहा असे सांगणारा जबाब मी एकदाच लिहिला, आणि तो एका आईचा होता.