नमस्कार करणारं बाळ

पाच महिन्यांचं आमचं बाळ नमस्कार करायचं. झोपेतून उठलं की त्याची मान खाली जायची, दोन्ही हात झटकन पुढे यायचे, क्षणभर तसंच राहायचं, आणि पुन्हा तेच. एका दमात दहा-बारा वेळा. माझ्या धाकट्या भावाचा हा पहिला मुलगा. कमरीपेठेतून रोज सकाळी उणकलला त्याच्या घरी मी जायचे ती हे बघायलाच. देवासमोर बाळाला मांडीवर घेऊन "जेजे कर, जेजे कर" म्हणत टाळ्या वाजवायचे. व्हिडिओ काढून नातलगांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं.

भावजयीवर माझा राग जुना. माझी मुलगी मी भावाला देणार होते. मामाला भाची देणं ही आमच्याकडची रीतच. तो म्हणाला, "अक्का, नात्यात नको. मुलं आजारी निघतात." आणि धारवाडच्या सप्तापूर भागातल्या एका प्राध्यापकांची मुलगी करून आणली. तो अपमान मी गिळला नव्हता.

दीड महिन्यात बाळ हसेनासं झालं. खुळखुळा वाजवला तरी बघेना. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. हा नमस्कार नव्हे, या फिट आहेत, असं त्यांनी सांगितलं. तान्ह्या मुलांना येणाऱ्या, मेंदूची वाढच थांबवणाऱ्या. औषध सुरू झालं. जनुकांच्या तपासणीसाठी बाळाचं आणि आईवडिलांचं रक्त बंगळूरला गेलं.

रिपोर्ट येईपर्यंत मी भावजयीला सुखानं घास खाऊ दिला नाही. "नात्यातली नको होती ना? मग बाहेरची आणून काय मिळवलंस?" असं भावाला विचारायचे, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. तिच्या माहेरी कुणाला फिट येतात का, याची चौकशी धारवाडला जाऊन करून आले. तिच्या चुलत्याला एकदा चक्कर आली होती, एवढंच सापडलं. तेवढंही मी पुरवून पुरवून वापरलं. ती मान खाली घालून पोळ्या लाटत राहायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

रिपोर्टच्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. तिचा दोष मला माझ्या कानांनी ऐकायचा होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका जनुकात बदल आहे. तो आईकडून आलेला नाही, वडिलांकडूनही नाही. बाळात नव्यानेच झालेला आहे. यात कुणाचा दोष नाही."

"नात्यात लग्न केलं असतं तर टळलं असतं ना?" मी विचारलं.

"नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी विचारलं, "उपचारांआधी किती दिवस फिट येत होत्या? औषध लवकर मिळालं असतं, तर कदाचित थोडा फरक पडला असता."

भावजयीनं पर्समधून फोन काढला आणि मी ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ लावून त्यांच्यापुढे ठेवला. तो उपचारांच्या दीड महिना आधीचा होता.

आधी माझ्या टाळ्या ऐकू आल्या. मग तिचा आवाज. "अक्का, साकु झालं, पुरे करा आता. त्याचे डोळे बघा ना, कसे वर गेलेत. डॉक्टरांना दाखवूया."

मग माझा. "गप गं. तुला मेलीला त्याचं कौतुकच बघवत नाही. कर रे बाळा, अजून एकदा कर."

आणि बाळ अजून एकदा वाकलं.